कुत्र्याचं पिल्लू रात्रीतून तीनदा उठतं : रडू द्यावं, की दर वेळी बाहेर न्यावं?

झोपमोड

पिल्लू ११ आठवड्यांचं, नर, मोठ्या चणीच्या जातीचं. लसीकरण चालू आहे, जंताचं औषध झालंय, डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक सांगितलंय. दिवसाचं जमतंय, रात्रीचं गणित बसत नाही.

सध्याचा क्रम असा : दिवसातून तीनदा खाणं, शेवटचं रात्री ९ वाजता. संध्याकाळी ७ नंतर धुडगूस, चावाचावी, पँटचा पाय धरून ओढणं. ११ ला क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात. क्रेट बाहेरच्या खोलीत, माणसं आतल्या खोलीत दार लावून. १:३० ला रडतं. बाहेर नेलं की भरपूर शू. ३ ला पुन्हा रडतं, पण बाहेर नेल्यावर शू नाही, नुसतं हुंगत फिरायचं आणि वाळकं पान दिसलं की त्याच्यावर झडप घालायची. ४:४५ ला शू आणि शी दोन्ही, आणि त्यानंतर झोपायचं नाव नाही. क्रेट पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या मापाचा घेतलाय. मधूनमधून सकाळी मागचा कोपरा ओला सापडतो.

सल्ले मिळाले ते तीन दिशांचे : रडू दे, दमून गप्प बसेल, संध्याकाळी ६ नंतर पाणी बंद कर, सरळ पलंगावर घे. यातलं काय करावं? आणि या वयाच्या पिल्लाकडून सलग किती तासांची अपेक्षा धरावी?


पट्टाधारी

तिन्ही वेळचं उठणं वेगवेगळ्या कारणानं आहे, एकच उपाय तिन्हीला लागू पडणार नाही. १:३० ची शू खरी. ४:४५ ची शू-शी पण खरी, मात्र ती ९ च्या जेवणानं ओढवून घेतलेली आहे. ३ वाजताचं उठणं शूसाठी नाही, सोबतीसाठी आहे, आणि दर वेळी बाहेर फेरफटका मिळत असल्यामुळे त्याची सवय होत चालली आहे.

ओळखायचं कसं? जागेवर नेल्यावर मिनिटभरात भरपूर शू केली तर मूत्राशयानं उठवलंय. पाच मिनिटं हुंगून चार थेंब टाकले तर कारण दुसरं आहे. आठवडाभर कागदावर तीनच गोष्टी लिहा : किती वाजता उठलं, काय आणि किती केलं, परत झोपायला किती मिनिटं लागली. रात्री अर्धवट झोपेत वाटतं त्यापेक्षा हा कागद बरंच वेगळं काही सांगतो.

अपेक्षेचं म्हणाल तर ढोबळ हिशेब असा : वयाचे महिने अधिक एक, इतके तास जागेपणी शू धरता येते. तुमच्या पिल्लाचे साडेतीन तास होतात, तेही जास्तीत जास्त. गाढ झोपेत मूत्र कमी तयार होतं म्हणून रात्री ४, क्वचित ५ तास निघतात. म्हणजे ११ ते ७ सलग झोप ही आत्ताची अपेक्षाच चुकीची. बरीच पिल्लं १६ आठवड्यांच्या आसपास ६-७ तास काढतात, छोट्या चणीच्या जातींना आणखी वेळ लागतो. आत्ताचं ध्येय तीनाचे दोन, मग दोनाचा एक.

आता वेळापत्रक. झोपायच्या वेळेपासून उलटं मोजा. ११ ला झोपवायचं असेल तर शेवटचं खाणं ७ च्या आत संपलेलं हवं. जेवल्यावर अर्ध्या तासात पिल्लू जी शी करतं ती आधीच्या जेवणाची असते. आत्ताचं जेवण आतड्यातून सरकत सरकत काही तासांनी शेवटी येतं. ९ चं जेवण म्हणजे पहाटेची शी ठरलेलीच. सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ६:३० असं बसवा. एकूण खाणं कमी करायचं नाही, फक्त वेळ अलीकडे घ्यायची. याची एक दुसरी बाजू : पोट फार वेळ रिकामं राहिलं तर काही पिल्लं पहाटे पिवळं, फेसाळ पित्त ओकतात. तसं झालं तर रोजच्याच मापातले दहा-बारा दाणे १०:३० ला द्या. तेवढ्यानं शी येत नाही.

संध्याकाळचा धुडगूस हा झोपेच्या थकबाकीचा प्रकार आहे. या वयाचं पिल्लू दिवसाच्या २४ तासांतले १८ ते २० तास झोपलं पाहिजे. तासभर जागं राहिलं की दीड-दोन तास झोप, असं चक्र बसवावं लागतं. माणसांची वर्दळ असलेल्या घरात ते आपणहून झोपत नाही. दमलेलं पिल्लू शांत होत नाही, चेकाळतं. इथे बहुतेक घरांत उलटं घडतं : एवढी मस्ती करतंय म्हणजे ताकद उरली असणार, म्हणून चेंडूमागे अजून पळवायचं. मग ते इतकं तापतं की ११ ला झोप लागली तरी कच्ची लागते. त्यापेक्षा ४:३० ते ६:३० अर्धवट अंधारात क्रेटमध्ये झोप. मग खाणं, त्यातलं निम्मं हुंगायच्या चटईत लपवून, म्हणजे नाकाला काम. दहा मिनिटं बस-ये-थांबचा सराव, चघळायला काहीतरी. ८ ते १०:३० पुन्हा डुलकी. हिच्यामुळे रात्रीची झोप उडेल ही भीती मोठ्या माणसाच्या बाबतीत ठीक आहे, पिल्लाच्या नाही.

१०:३० ला उठवून बाहेर. पहिली शू झाली की लगेच आत आणू नका. पाच मिनिटं पट्ट्यावर हळूहळू चालवा आणि त्याच जागेवर पुन्हा उभे राहा. बरीच पिल्लं पहिल्या खेपेला पूर्ण रिकामी होत नाहीत, बाहेरच्या वासात लक्ष जातं आणि उरलेली शू तासाभरात क्रेटमध्ये होते.

क्रेटचं माप हे ओल्या कोपऱ्याचं कारण. उभं राहता यावं, गोल वळता यावं, पाय पसरून कुशीवर झोपता यावं, बस. त्याहून मोठा असला की मागचा भाग संडास होतो आणि पुढचा झोपायला. क्रेटबरोबर आतली जाळी मिळाली असेल तर ती लावून जागा कमी करा आणि पिल्लू वाढेल तशी सरकवा. खोके किंवा उशी कोंबून जागा भरू नका, ते चावून गिळेल. ओला भाग आधी कोरड्या कापडानं दाबून टिपा, मग एन्झाइमवाला क्लीनर ओता आणि डब्यावर लिहिलेला वेळ तो तसाच भिजत राहू द्या. लोक लगेच पुसून टाकतात, मग वास राहतो आणि कुत्रा पुन्हा तिथंच जातो. अमोनिया असलेलं काहीही वापरू नका, त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच. अंथरुणावरच शू करत असेल तर काही दिवस अंथरूण काढून टाका; जाड कापड शू शोषून घेतं आणि त्याला ओल्याचा त्रासच होत नाही.

रात्रीची फेरी जितकी कंटाळवाणी तितकी चांगली. पट्टा क्रेटच्या दाराशी आधीच टांगलेला असावा. पिल्लाला उचलून न्या, चालवत नेलं तर वाटेतच होते. मोठा दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, एकाच जागी झाडासारखं उभं राहायचं. जास्तीत जास्त पाच मिनिटं. शू झाली की हळू आवाजात एकदा शाब्बास, आणि परत आत. दिवसा शूनंतर खाऊ द्यायला हरकत नाही, रात्री मी तो देऊ नये म्हणेन. खाण्यासाठी उठणारं पिल्लू हा नवा ताप होऊन बसतो.

आणि अलार्म. १:३० ला रडतं ना, मग १ चा अलार्म लावा आणि ते रडायच्या आत उचलून न्या. याच्यानं दोन गोष्टी होतात : शू वेळेवर होते, आणि रडल्यामुळे दार उघडतं हे समीकरण तुटतं. लागोपाठ तीन रात्री कोरड्या गेल्या की १५ मिनिटं पुढे. १:१५, १:३०, असं ३ पर्यंत. एखाद्या रात्री ओलं झालं किंवा अलार्मआधी रडलं तर आधीच्या वेळेवर परत जा, तिथे तीन रात्री राहा. १ पासून ३ पर्यंत आठ टप्पे, म्हणजे कमीत कमी २४ रात्री. तोवर पिल्लू साडेचौदा आठवड्यांचं होतं, मूत्राशयही वाढलेलं असतं. दुसरी फेरी सुरुवातीला ४:३० ला ठेवा. पहिली जशी पुढे सरकेल तशी हीही सरकवत ६:३० वर न्या, म्हणजे ती सकाळच्या उठण्यातच मिसळते. जो दोन रात्रींत अर्धा तास उडी मारतो तो आठवड्यानं परत पहिल्या टप्प्यावर आलेला दिसतो.


कानटवकारे

वरच्या सगळ्याला अनुमोदन. पण क्रेट बाहेरच्या खोलीत राहिला तर ३ वाजताचं रडणं जाणार नाही.

हे पिल्लू आत्ता-आत्तापर्यंत भावंडांच्या ढिगात झोपत होतं. अंधाऱ्या खोलीत एकटं पडल्यावर जे रडतं ती हाक असते, हट्ट नव्हे. क्रेट तुमच्या पलंगाशेजारी आणा, शक्यतो भक्कम, न हलणाऱ्या स्टुलावर, म्हणजे त्याला तुम्ही दिसाल आणि हात खाली सोडला की बोटं जाळीपर्यंत पोचतील. दुसरा फायदा तुमचा : आतून चुळबूळ ऐकू येते, पूर्ण रडायची वेळच येत नाही. सलग पाच-सहा रात्री शांत गेल्या की क्रेट जमिनीवर, मग दर तीन-चार रात्रींनी हातभर दाराकडे. घाईनं थेट बाहेरच्या खोलीत नेला की सगळं मुळापासून.

रडू द्यावं का, तर रडण्यारडण्यात फरक आहे. थांबून थांबून कुरकुर, मध्ये उसासा, आवाज उतरता : दोन-तीन मिनिटं वाट पाहा, बहुतेक वेळा झोपतं. चढत जाणारा सलग आवाज, धापा, लाळ, दाराच्या सळ्या चावणं, पंजे मारणं : ही घाबरलेली अवस्था आहे. यात एकटं सोडलं की गप्प बसायला शिकत नाही, क्रेटला घाबरायला शिकतं, आणि पुढे दिवसाही आत जायला तयार होत नाही. आणि तिसरा प्रकार म्हणजे गाढ झोपेतून एकदम उठून तीक्ष्ण केकाटणं आणि गोल गोल फिरणं. ही शू आहे, लगेच उचला.

दुर्लक्ष करायचंच असेल तर आधी एक खात्री हवी की त्याला कशाचीही गरज नाही. ११ आठवड्यांच्या पिल्लाबाबत ती कुणालाच देता येत नाही, म्हणून या वयात मी हा मार्ग सुचवणार नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मधला मार्ग : अर्धा तास कान बंद करायचे आणि मग वैतागून दार उघडायचं. पिल्लू यातून एवढंच शिकतं की पाच मिनिटांनी दार उघडत नाही, तीस मिनिटांनी उघडतं.

३ वाजता करायचं एवढंच : हात जाळीला लावा, दार उघडू नका, बोलू नका. पाचएक मिनिटांत शांत झालं नाही तर पट्टा लावून कंटाळवाणी फेरी, हुंगायला दोरी सैल न सोडता. फिरायला मिळत नाही हे कळल्यावर पहिले काही दिवस रडणं वाढतं, नंतर उतरतं. लोक नेमके वाढलेल्या दिवशी हार मानतात.

रात्रीच्या क्रेटचा अभ्यास दिवसा होतो. आधी दार सताड उघडं ठेवून खाणं आत द्या. दोन दिवसांनी खाताना दार लोटा, संपायच्या आत उघडा. मग संपल्यावर एक मिनिट, पाच, पंधरा, तीस. सुरुवातीला तुम्ही शेजारीच बसलेले. मग दहा सेकंद खोलीबाहेर जाऊन परत. रडायच्या आधी परत यायचं, ही सगळी गंमत. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कधीही कोंडू नका. आणि आत असताना गळ्यातला पट्टा काढून ठेवा. त्याची कडी जाळीत अडकून फास बसू शकतो.

पलंगाबद्दल : पलंगावर झोपलं की कुत्रा स्वतःला मालक समजायला लागतो, हे खरं नाही, ते डोक्यातून काढा. अडचणी साध्या आहेत. या वयात उंचावरून उडी सांध्यांना वाईट, आणि गादीवर शू झाली तर गादी स्वच्छ करणं महाकठीण. वर्षभरानं तीस किलोचा कुत्रा पलंगावर चालणार असेल तर शू आवरल्यावर घ्या. चालणार नसेल तर सुरुवातच करू नका. दिलेली जागा काढून घेणं न देण्यापेक्षा अवघड.


घोटभर

पाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. ६ ते ११ पाणी बंद हा वाईट सल्ला आहे. तहानलेलं पिल्लू पाणी दिसलं की घटाघटा पितं आणि मग एकदम भरपूर शू. दिवसभर वाटी भरलेली ठेवा, ९:३०-१० च्या सुमाराला उचला. खेळून धापा टाकत असेल तर त्यानंतरही थोडं द्या. उकाडा असेल, जुलाब किंवा उलट्या चालू असतील, कुठलंही औषध चालू असेल तर वाटी उचलायचीच नाही. मोठ्या, आजारी कुत्र्यांना तर हा नियम अजिबात लावू नका.

कोरड्या दाण्यांत पाण्याचा अंश साधारण १० टक्केच असतो, डब्यातल्या ओल्या खाण्यात ७५ टक्क्यांच्या वर. दाणे भिजवून देत असाल तर ते पाणीही हिशेबात धरा. पट्टाधारींनी सांगितलेलं ६:३० चं जेवण कोरडं आणि दुपारचं भिजवलेलं द्या.

अजून एक. दोन-तीन आठवडे कोरडं राहिलेलं पिल्लू अचानक तासा-तासाला थेंब-थेंब शू करायला लागलं, सारखं चाटतंय, शूला गुलाबी झाक आहे, तर शिकवणुकीत काही चुकलं असं धरू नका. लघवीचा संसर्ग असू शकतो. सकाळची पहिली शू स्वच्छ, कोरड्या डबीत, सुरुवातीचे थेंब सोडून मधली धार पकडा. तासाभरात तपासणीला पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिली की जंतू वाढतात आणि निकाल बिघडतो.


उंबरठा

धागा पिल्लाचा आहे, पण रात्रीच्या झोपेचाच प्रश्न म्हणून इथेच विचारते. मादी, १३ वर्षांची, १२ किलो, नसबंदी झालेली. आधी रात्रभर गाढ झोपायची. अलीकडे २ वाजता उठून खोल्याखोल्यांतून फिरते, धापा टाकते, कधी दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभी राहते. दिवसा झोपलेली. घरचे म्हणतात वय झालं. खरंच तेवढंच असतं का?


वास्तववादी

वय हे निदान नाही. म्हाताऱ्या कुत्र्याची झोप मोडणारी बरीच कारणं उपचार होणारी असतात, त्यामुळे क्रम महत्त्वाचा : आधी लघवी, दुखणं, हृदय, मेंदूचा विचार शेवटी. बिजागरीच्या बाजूला उभं राहणं हे मेंदूकडे बोट दाखवतं हे मान्य, पण त्याच्याबरोबर सांधेदुखीही असू शकते आणि तिला रात्री उठवणारं ते असेल.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी तीन मोजमापं घ्या. पहिलं पाणी. सकाळी मोजून वाटी भरा, दिवसभरात जितकं घालाल ते लिहा, २४ तासांनी उरलेलं वजा करा. घरात दुसरा प्राणी असेल तर त्याची वाटी वेगळी. सर्वसाधारण कुत्रा दिवसाला किलोमागे ५०-६० मिलिलिटर पितो, म्हणजे तुमची ६००-७०० मिलिलिटर, ओलं खात असेल तर त्याहून कमी. किलोमागे १०० च्या वर, म्हणजे १२०० मिलिलिटरच्या पुढे जात असेल तर मूत्रपिंड, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल जास्त होण्याचा आजार) यांच्या तपासण्या लागतील. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड किंवा लघवी वाढवणारं औषध चालू असलं तरी हेच होतं. तिची नसबंदी झालीय हे बरं. न झालेल्या मादीला माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांत तहान वाढली, खाणं कमी झालं तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते आणि ते त्याच दिवशी दाखवायचं काम आहे. झोपेतच अंथरूण ओलं होणं ही निराळी गोष्ट : नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू सैल पडतो, तिला ते कळतही नाही. त्यावर औषध आहे आणि ते बहुतेकींना लागू पडतं.

दुसरं मोजमाप श्वासाचं. गाढ झोपलेली असताना, धापा किंवा स्वप्न चालू नसताना, छाती वर-खाली म्हणजे एक असं ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ३० च्या आत असायला हवं. तीन-चार वेळा मोजून सतत ३० च्या वर येत असेल, किंवा रात्री खोकून उठत असेल, तर थांबू नका. चपट्या तोंडाच्या जातीत आणखी एक कारण निघतं : आडवं झाल्यावर घसा बंद होतो, मग ते कुत्रे बसून किंवा हनुवटी उंचावर टेकवून झोपतात आणि घोरत दचकून उठतात.

तिसरं म्हणजे व्हिडिओ. झोपायला जाताना आणि २ वाजता, दोन्ही वेळचा. दोन-तीनदा गोल फिरून, मागचे पाय हळूहळू मोडत बसत असेल, दर थोड्या वेळानं कूस बदलत असेल, पुढच्या पायाचं मनगट चाटत असेल तर दुखतंय. दवाखान्यात हे दिसत नाही, तिथे घाबरून सगळे कुत्रे धडधाकट चालतात. दहाएक सेंटिमीटर जाडीचा घट्ट फोम आणा. मूठ दाबली तर खालची जमीन लागता कामा नये. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत न घसरणाऱ्या पट्ट्या टाका, नखं कापलेली ठेवा. वेदनेचं औषध आधीच चालू असेल तर त्याची वेळ रात्रीकडे सरकवता येईल का विचारा. माणसाचं आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषारी आहे, आणि पॅरासिटामॉलही स्वतःच्या अंदाजानं देऊ नका.

हे सगळं साफ निघालं तर मेंदूचा ऱ्हास. ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांत सुमारे २८ टक्क्यांना आणि १५-१६ वर्षांच्यांत सुमारे ६८ टक्क्यांना त्याचं किमान एक लक्षण दिसतं, असं एका बऱ्याचदा उद्धृत होणाऱ्या पाहणीत आढळलं होतं. लक्षणं म्हणजे फर्निचरमागे अडकणं, भिंतीकडे पाहत राहणं, ओळखीच्या माणसांशी वागणं बदलणं, घरात शी-शू, आणि दिवस-रात्र उलटी होणं. दिवसा तिला गाढ झोपू देऊ नका : सकाळच्या उजेडात अर्धा तास, मग दर दोन-तीन तासांनी उठवून छोटी फेरी किंवा खाऊ हुंगून शोधायचा खेळ. संध्याकाळी घाई-गोंधळ नको. झोपायच्या आधी शू. अंथरूण आणि पाण्याच्या वाटीजवळ मंद दिवा, कारण अंधारात तिची दिशा आणखी चुकते. फर्निचर हलवू नका. फिरायला लागली की ओरडू नका, गळ्यातल्या पट्ट्याला हलकी दोरी लावून अंथरुणाकडे आणा. ऐकू कमी येत असेल तर मागून हात लावू नका, दचकेल.

औषधांत सेलेजिलीन आहे. ते सकाळी देतात, परिणाम दिसायला महिनाभर लागू शकतो, आणि ट्रामाडॉल हे वेदनेचं औषध किंवा नैराश्याची काही औषधं यांच्याबरोबर चालत नाही. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. रात्रीसाठी गाबापेन्टिन, ट्राझोडोन, मेलाटोनिन यांतलं काही देतात, मात्रा तेच ठरवतील. इथे एक सापळा आहे : माणसांसाठीच्या काही मेलाटोनिनच्या चघळगोळ्यांत आणि गाबापेन्टिनच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असतं. ते कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली आणतं, यकृतही जाऊ शकतं. घरातली बाटली उचलून देऊ नका.

हळूहळू नव्हे तर एका रात्रीत सुरू झालं, मान एका बाजूला कललीय, डोळ्यांची बुबुळं थरथरतायत, एकाच दिशेनं गोल फिरते, तर यातलं काहीही वाचत न बसता त्याच दिवशी दाखवा.


झोपमोड

क्रेट आत आणतोय, जेवणाची वेळही बदलतोय. दोन शंका राहिल्या. पहाटेच्या फेरीनंतर ते झोपतच नाही, तेव्हा काय करायचं? आणि झोपेत पाय झाडतं, बारीक भुंकतं. त्याला उठवावं का?


पट्टाधारी

पाय झाडणं, मिशा थरथरणं, दबकं भुंकणं हे स्वप्नाच्या झोपेतलं आहे, पिल्लांत जास्तच दिसतं. उठवू नका, हात तर लावूच नका. दचकून चावू शकतं. फार वाटलं तर लांबून नाव घ्या. झटका असेल तर चित्र वेगळं असतं : अंग ताठ, चारही पाय एका तालात जोरात, हाक मारून शुद्ध नाही, शू सुटते, आणि थांबल्यावर काही वेळ भांबावलेलं. असं दिसलं तर घड्याळ लावा, व्हिडिओ घ्या, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, तोंडात बोट घालू नका. पाच मिनिटांच्या वर चाललं तर ताबडतोब दवाखाना.

पहाटेचं कारण असं की तोवर बहुतेक झोप पूर्ण झालेली असते, त्यात उजेड आणि पक्षी. पडदे ओढा, क्रेटवर तीन बाजूंनी चादर टाका, समोरची बाजू हवेसाठी उघडी. पंख्याचा किंवा तसाच एकसुरी आवाज चालू ठेवा. फेरीनंतर परत क्रेटमध्येच, तुम्ही पलंगावर आडवे. उजेडात बसून फोन बघितलात तर त्याच्या दृष्टीनं दिवस उजाडला. पहिले काही दिवस ते झोपणार नाही, नुसतं पडून राहिलं तरी चालेल. आणि उठल्या उठल्या खाणं देऊ नका, नाहीतर पोट उद्या त्याच वेळेला उठवतं. ५ ला उठलं तरी खाणं ७ लाच.